आमच्या मंडळाच्या पहिल्या सायकल-सफरी



गेल्या रविवारी मिस्सा आटोपून मी देवळाच्या मागच्या खोलीत वस्त्रे घडी करून ठेवीत होतो, तोच चार तरुण दाराशी येऊन घुटमळू लागले. चौघेही येथील कारखान्यांत पोट भरणाऱ्या मराठी कुटुंबांतले. नंदेसरी म्हणजे वडोदऱ्याच्या उत्तरेस मही नदीच्या अलीकडे वसलेली रसायनांच्या कारखान्यांची वसाहत. आमच्या वसईच्या वाचकांना कल्पना यावी म्हणून सांगतो, की येथे वाऱ्याची दिशा नाकाने कळते. तर ह्या चौघांची मागणी अशी होती की, नाताळच्या सुट्टीत खंभोळज येथील निराधारांच्या मातेच्या दर्शनाला त्यांना सायकलीने जावयाचे आहे. त्यांच्याबरोबर आणखी सात-आठ जण तयार आहेत, आणि फादरांनी फक्त होकार द्यावयाचा आहे.

“यंदा गेलो की मग दर वर्षी जायचे, फादर,” त्यांतला थोरला म्हणाला.

ते ‘दर वर्षी’ ऐकून मला हसू आले. तीस वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हणालो होतो, आणि तेही पहिल्या सफरीचा पत्ता नसताना!

परंतु हसण्यासारखा प्रसंग नव्हता. त्या चौघांतील सर्वांत लहान मुलाची आई देवळाच्या पायरीवर थांबली होती. मुले पांगल्यावर ती आत आली. तिचे यजमान काही वर्षांपूर्वी रात्रपाळी करून सायकलीने घरी परतताना टँकरखाली सापडून वारले. ती म्हणाली, “फादर, ह्याचे बाबा त्याच रस्त्यावर गेले. त्यांची सायकल घरात आहे, ती विकवत नाही म्हणून आहे. रस्त्यावर न्यायला नाही ठेवलेली. तुम्ही हो म्हणालात तर तो माझे ऐकणार नाही. म्हणून तुम्हीच नाही म्हणा.”

मी तिच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. हे आठ दिवस माझे मन येथे नव्हतेच म्हटले तरी चालेल. ते डिसेंबर १९९४ मध्ये, वसईतील आमच्या गावी, पहाटेच्या काळोखात एका वाकड्या हँडलच्या सायकलीवर बसले होते.

आमच्या मंडळाला नाव नव्हते. नावावरून दोन बैठका झाल्या, दोन्ही भांडणात संपल्या, आणि तेव्हापासून ते नुसते ‘मंडळ’ राहिले. शाळेतील एक मास्तर, आम्ही बारा मुले आणि नऊ सायकली, एवढीच त्याची मालमत्ता. उरलेल्या तीन सायकली नाक्यावरच्या दुकानातून दिवसाच्या भाड्याने घ्यावयाच्या आणि भाडे वर्गणीतून भागवावयाचे, असे ठरले होते. भाड्याची सायकल कोणी चालवावयाची हा प्रश्न चिठ्ठ्या टाकून सोडवला जाई, कारण तिच्या ब्रेकवर कोणाचाच विश्वास नसे. बाकीच्या सायकली वडिलांच्या किंवा काकांच्या, काळ्या, उंच, पाठीमागे लोखंडी कॅरियर लावलेल्या अशा होत्या. त्या कॅरियरवरून रोज भाजीच्या पाट्या आणि दुधाचे हंडे स्टेशनावर जात. त्यामुळे सायकल सुट्टीच्या दिवशीच मिळे, आणि ती परत आणताना पुसून आणावी लागे. बहुतेक सायकली ॲटलास कंपनीच्या होत्या. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला, ही बातमी वाचून मला एखादा दूरचा नातलग गेल्यासारखे झाले.

मास्तरांनी ही कल्पना आमच्या डोक्यात कशी भरवली, ते सांगितले पाहिजे. भूगोलाच्या तासाला इराणचे वाळवंट शिकवता शिकवता ते एकदम मुंबईच्या पारशी तरुणांवर घसरले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा तरुण सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराक आणि सीरियाची वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश असे फिरून १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईस परतले, ते सहाचे तीन होऊन. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा ही त्या तिघांची नावे. एकंदर प्रवास सुमारे ७१,००० किलोमीटरांचा! मास्तरांनी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि पुसू दिला नाही. दुसऱ्या दिवशी गणिताच्या मास्तरांनी तो पुसला, पण तोपर्यंत आम्ही बिघडलो होतो.

माझ्या मनात मात्र त्या दिवशी एक वेगळीच शंका आली, आणि ती मी विचारली नाही: गळालेल्या तिघांना वाटेत सोडून पुढे जाताना बाकीच्यांना काय वाटले असेल? पुढे मोठेपणी वाचले, की त्यांतला एक अमेरिकेतच स्थायिक झाला. म्हणजे प्रत्येक गळती दुःखाची असते असे नाही. परंतु ती शंका पंधराव्या वर्षी मनात आली होती, आणि वर्षभराने तिने माझा सूड घेतला.

पहिली सफर वज्रेश्वरीची. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. बाराही घरच्या आया दारात उभ्या होत्या, आणि प्रत्येकीने आपापल्या मुलाच्या पिशवीत सुकेळी कोंबली होती. ज्यांनी वसईची सुकेळी खाल्ली नाहीत त्यांची मला कीव येते. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून, उन्हात दिवसेंदिवस वाळवून, ती तपकिरी आणि मधासारखी गोड झाली म्हणजे पानांत घट्ट बांधून ठेवतात. दोन सुकेळी आणि घोटभर पाणी घेतले की चढावर पायांत पुन्हा जीव येतो. नाशिककडील सायकलस्वार आता खजूर आणि परदेशी पुड्या खिशात बाळगतात असे ऐकतो. त्यांना कोणी तरी सुकेळी नेऊन द्यावीत.

गावाबाहेर पडून आम्ही मुंबई–अहमदाबाद महामार्गाला लागलो. त्या काळी तो आजच्यासारखा सहापदरी नव्हता. दोन ट्रक समोरासमोर आले की सायकलवाल्याने निमूटपणे मातीत उतरावयाचे, असा अलिखित नियम होता. शिरसाड फाट्याला महामार्ग सोडला आणि उजवीकडे मांडवी-उसगावच्या रस्त्याला वळलो, तेव्हा सूर्य वर आला. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरे, त्यांत पेंढ्याच्या उडव्या, आणि रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी नाही. एकाने घंटी वाजवली, दुसऱ्याने उत्तर दिले, आणि मग बारा घंट्या विनाकारण अर्धा मैल वाजत राहिल्या. मास्तरांनी गप्प बसा असे म्हटले नाही. त्यांची स्वतःची घंटी मोडकी होती, नाही तर तेही वाजवते.

वज्रेश्वरीच्या देवीला चिमाजी अप्पांनी वसईच्या किल्ल्यासाठी नवस केला, आणि १७३९ साली किल्ला सर झाल्यावर तो नवस देऊळ बांधून फेडण्यात आला, अशी कथा तेथे सांगतात. त्याच किल्ल्याच्या सावलीत वाढलेली आम्ही पोरे तानसा नदीच्या काठी गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो. जांघा भरून आल्या होत्या, तळहातांना फोड आले होते. “पुढच्या वर्षी जव्हार,” कोणी तरी म्हणाले. मास्तरांनी खिशातून वही काढली आणि पहिल्या पानावर खर्च लिहिला: भाडे, दोन पंक्चर, चहा, एक व्हॉल्व्ह ट्यूब. ती वही पुढे माझ्याकडे आली, आणि आजही माझ्याकडे आहे.

आता थोडे विषयांतर. पुढे सेमिनरीत असताना तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतून डोके वर काढावयाचे असले की मी ग्रंथालयातील जुनी मासिके चाळीत असे. तेथे मला कळले, की आम्ही वसईत केले ते माणसे फार पूर्वीपासून करीत आली आहेत. इंग्लंडात १८७८ च्या ऑगस्टमध्ये हॅरोगेट गावी सायकलस्वारांचा मेळा भरला असताना स्टॅन्ली कॉटरेल नावाच्या तरुणाने सफरी करणाऱ्यांचा क्लब काढला. १८८३ पासून तो सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि १८९९ साली त्याचे साठ हजारांवर सभासद होते. त्या क्लबचे खरे काम शर्यती लावण्याचे नव्हतेच. परक्या गावी संध्याकाळी पोहोचलेल्या माणसाला वाजवी दरात अंथरूण कोठे मिळेल, पुढचा रस्ता कसा आहे, सायकल मोडली तर लोहार कोठे, हे सांगणारा एक माणूस गावोगावी नेमावयाचा, आणि चांगल्या खाणावळीच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाची पाटी लावावयाची, असा तो उद्योग. सफर पायांनी होते हे खरे. परंतु दुसऱ्या वर्षीही ती व्हावयाची असेल तर कोणाच्या तरी ओसरीची सोय लागते.

त्याहून मला जवळचे वाटले ते फ्रान्सातील सेंत-एतिएन गावचे पॉल दे विवी. १८५३ चा जन्म, धंदा रेशमाचा, पुढे सायकलींचा. १८८७ साली त्यांनी सायकलीवर एक मासिक काढले आणि ‘व्हेलोसिओ’ ह्या टोपणनावाने त्यात आयुष्यभर लिहिले. चढावर सायकल हलकी व्हावी म्हणून दात्यांची चाके बदलता येण्याची व्यवस्था त्यांनी हिरिरीने पुरस्कारली. तेव्हाचे शर्यतवाले ती कल्पना म्हाताऱ्यांची आणि बायकांची म्हणून हसण्यावारी नेत. मांस आणि मद्य दोन्ही त्यांना वर्ज्य. भूक लागण्यापूर्वी खा, तहान लागण्यापूर्वी प्या, आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी कधी पायडल मारू नका, अशा अर्थाची सूत्रे त्यांनी घालून दिली. १९२४ पासून पुनरुत्थानाच्या सणाच्या सुट्टीत प्रोव्हान्सला जाण्याची सायकलस्वारांची वार्षिक परंपरा त्यांनी सुरू केली. १९३० च्या फेब्रुवारीत रस्त्यात ट्रामची धडक बसून ते वारले. त्या वेळी त्यांचे वय शहात्तर होते. दुसऱ्याला दाखवण्यासाठी पायडल मारू नका, हे सूत्र मला दहा वर्षे उशिरा वाचावयास मिळाले, एवढीच माझी तक्रार आहे.

कारण १९९५ ची सफर.

त्या वर्षी मास्तरांच्या घरी आजारपण होते. वही त्यांनी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “मोजत जा.” मी सोळा वर्षांचा. वहीवर माझे नाव लिहिलेले पाहून मला आपण कर्नल झाल्यासारखे वाटले. महामार्गाने मनोर, तेथून उजवीकडे विक्रमगड, आणि मग चढत चढत जव्हार, असा तो रस्ता शंभर किलोमीटरांच्या घरात भरतो. जातानाचा दिवस सुंदर गेला. जव्हारच्या चढावर सगळेच उतरून सायकली ढकलीत होते, त्यामुळे कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. एका शाळेच्या पडवीत निजलो. थंडी अशी होती की पहाटे आम्ही एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसलो होतो.

परतीच्या दिवशी उतार आमच्या बाजूचा होता. ज्याने सायकल चालवली आहे त्याला सांगावयास नको, की उतार माणसाला शहाणा करीत नाही. आधी दोघांत शर्यत लागली, मग पाचांत, मग सर्वांत. मी पुढाऱ्याच्या नात्याने ती थांबवावयाची होती. मी ती जिंकली. विक्रमगड मागे पडले, संध्याकाळ झाली, आम्ही गाणी म्हणत मनोरच्या नाक्यावर आलो, चहा मागवला, आणि चहाचे पेले आले ते बारा. उचलले गेले अकरा.

राहिलेला मुलगा आमच्यातला सर्वांत लहान चणीचा होता. वडिलांची उंच सायकल त्याला नीट पुरत नसे, तिची साखळी सैल होती, आणि हे मला पहाटेच ठाऊक होते, कारण ती मीच दोनदा बसवून दिली होती. उतारावर साखळी निसटली, काळोखात ब्रेक लागेनात, आणि तो एका मोरीच्या कठड्यावरून खाली कोसळला. त्याने आम्हांला हाका मारल्या. आमच्या गाण्याचा आवाज त्याला बराच वेळ ऐकू येत होता, असे त्याने पुढे मला सांगितले. रागाने नव्हे, सहज. त्यामुळेच ते अधिक लागले.

आम्ही एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून परत गेलो. तो सापडला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. जवळच्या पाड्यावरच्या एका वारली नवराबायकोने त्याला उचलून घरी नेले होते. चुलीशेजारी घोंगडीवर तो निजला होता. त्याच्या उजव्या हाताला बांबूच्या कामट्या दोन्ही बाजूंनी लावून, वर फडके गुंडाळले होते. त्या बाईने त्याला पेज पाजली होती. आम्ही अकरा जण दाराशी उभे राहिलो, तर तिने आमच्यासाठीही चुलीवर भांडे चढवले. आमच्याकडे द्यावयास काही नव्हते. एकाच्या पिशवीत चार सुकेळी उरली होती, ती दिली. घरधन्याने ती हुंगून पाहिली आणि मुलांना वाटली. त्यांची नावे आम्ही विचारली नाहीत. आज वही चाळताना त्या पानावर टेम्पोचे भाडे आहे, चहा आहे, डॉक्टरांचे पैसे आहेत. त्या दोघांची नावे नाहीत.

हाड जुळले, परंतु कोपर थोडे वाकडेच राहिले. घरी आम्ही सांगितले, की अंधारात मोरीवरून पडला. त्यात एक अक्षर खोटे नव्हते. आणि मी तेवढ्या खरेपणावर दोन आठवडे काढले. नंतर पापनिवेदनाला गेलो. आमचे त्या वेळचे धर्मगुरू वृद्ध होते. सर्व ऐकून त्यांनी प्रायश्चित्त म्हणून जप दिला आणि मग जाळीपलीकडून विचारले, “हे तू त्याच्या आईला सांगितलेस का?”

ती माउली अंगणात बसून बाजारासाठी पालेभाजीच्या जुड्या बांधीत होती. मी उभ्यानेच सांगितले: शर्यत, साखळी, गाणी, चहाचे पेले. तिचे हात थांबले नाहीत. माझे संपल्यावर ती म्हणाली, “तो मला त्याच दिवशी बोलला. तू केव्हा येतोस तेवढे बघत होते.” मग एक जुडी बाजूला टाकून म्हणाली, “पुढच्या वर्षी जाल तेव्हा त्याला सगळ्यांच्या पुढे घाला. तो जेवढे चालवील तेवढेच तुम्ही चालवा. आणि तू सगळ्यांच्या मागे राहा.”

तो आपल्या मुलाला पुन्हा पाठवणार आहे, हे त्या वाक्यात आले होते. ते माझ्या ध्यानात यावयास घरी पोहोचेपर्यंत वेळ लागला.

१९९६ ची सफर केळव्याच्या समुद्रकिनाऱ्याची. मनोरपर्यंत तोच महामार्ग, मग डावीकडे वळून मासवणजवळ सूर्या नदी ओलांडून, वाघोबाच्या खिंडीतून पालघर, आणि तेथून केळवे. मास्तर परत आले होते, परंतु शेवटून चालण्याचे काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतले नाही. सर्वांत पुढे तो, वाकड्या कोपराचा. त्याने त्या दिवशी आमच्यावर राज्य केले. त्याला वाटेल तेथे तो थांबे. एका पेरूवालीशी भाव करीत तो इतका वेळ उभा राहिला, की मागे आम्ही सावलीत एक डुलकी काढली. दोनदा तर केवळ आमची तोंडे पाहण्यासाठी थांबला, असे त्याने कबूल केले आहे. ह्या चालीने केळव्यास पोहोचावयास काळोख पडेल अशी माझी खात्री होती. परंतु सूर्य समुद्रावर हातभर असतानाच आम्ही पोहोचलो. कोणाचा पाय आखडला नव्हता, कोणाची सायकल मोडली नव्हती, आणि भांडण एकच झाले. पानवेलीच्या वाड्या, नारळी, वाळूत रुतलेल्या होड्या, सारे आमच्या वसईसारखेच, आणि तरी परके. पहिल्या दोन सफरींतले रस्ते मला तुटक आठवतात. ह्या सफरीतले मात्र कोणत्या वळणावर कोणते झाड होते तेही सांगू शकेन. शेवटून जाणाऱ्याला सर्वांच्या पाठी दिसतात. कोण दमला, कोणाचे चाक डुगडुगते, कोण रुसला, हे त्या पाठींवरून कळू लागले. धर्मगुरूच्या कामाची माझी पहिली उमेदवारी मी तेथे केली, असे म्हटले तर सेमिनरीतील माझे प्राध्यापक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

१९९७ साली मी सेमिनरीत गेलो. मंडळ पुढे चार वर्षे चालले, मग मोटारसायकली आल्या आणि वर्गणी थांबली. कोणाला दोष द्यावा असे त्यात काही नाही. इकडे नाशिकच्या सायकलस्वारांनी २०१२ पासून दर वर्षी आषाढीच्या आधी पंढरपूरची सायकलवारी चालू ठेवली आहे, हे वाचले की मात्र जरा हेवा वाटतो. आमच्या पंथातही सायकलस्वारांना स्वर्गात वशिला आहे बरे! इटलीत कोमो सरोवरावरच्या घाटमाथ्यावर गिसाल्लोच्या मातेचे चिमुकले देऊळ आहे. पोप पायस बारावे ह्यांनी १३ ऑक्टोबर १९४९ रोजी तिला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून जाहीर केले. देवळाच्या भिंतींवर जुन्या सायकली टांगलेल्या आहेत. तेथे जाण्याचा योग मला यावयाचा आहे. घाट चढून जावे लागते असे कळल्यापासून मी घाई करीत नाही.

आणि आता पुन्हा नंदेसरी. योगायोग असा, की त्या पोरवयात ज्या महामार्गावर आम्ही मातीत उतरत होतो, तोच रस्ता आज माझ्या दाराजवळून जातो. तेव्हा त्याला ८ क्रमांकाचा म्हणत, आता ४८ म्हणतात. वसईपासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेस येऊन मी त्याच रस्त्याच्या काठी बसलो आहे. त्यावरून आता रात्रंदिवस टँकर आणि कंटेनर धावतात. खंभोळजला जावयाचे तर फाजलपूरहून मही ओलांडून वासदला गेले पाहिजे. त्यातून पुलाचे नाव काढले की येथील लोकांच्या पोटात गोळा येतो. ९ जुलै २०२५ रोजी ह्याच महीवरचा, खाली पादऱ्याकडचा गंभीरा पूल मधोमध तुटला आणि वाहने माणसांसह नदीत गेली. वासदचा पूल निराळा, हे सर्वांना ठाऊक आहे. पण भीती नकाशा पाहून थोडीच वाटते!

गुरुवारी मी त्या थोरल्या मुलाला घेऊन पहाटे रस्ता पाहून आलो. त्याच्या सायकलीवर तो, आणि शेजाऱ्याच्या सायकलीवर मी. माझे गुडघे सेहेचाळीस वर्षांचे आहेत, हे त्यांनी मला फाजलपूरपर्यंतच कळवले. जाऊन-येऊन पन्नासएक किलोमीटर आहेत. निम्म्याहून अधिक वाट गावांतून नेता येईल. महामार्गाचा तुकडा उजाडल्यावरच गाठावयाचा, आणि पुलावर सायकलीवरून उतरून एकामागे एक चालावयाचे. एका धर्मग्रामवासीयाचा छोटा टेम्पो मागचे दिवे उघडझाप करीत सर्वांच्या पाठी चालेल. प्रत्येक सायकलीला मागे तांबडा दिवा हवा. ज्याला नाही त्याने यावयाचे नाही. थोरल्याने हे सर्व मोबाईलमध्ये टिपून घेतले. वही घे, असे मी सांगितले.

शनिवारी संध्याकाळी त्या बाईंच्या घरी गेलो. तुम्ही नाही म्हणा असे त्यांनी सांगितले होते. त्याचे उत्तर मी थेट दिले नाही. १९९५ च्या डिसेंबरातील ती उताराची गोष्ट मी त्यांना सांगितली, येथे लिहिली आहे त्याहून कमी शब्दांत, आणि माझ्या वाट्याचे काही न गाळता. त्यांनी एवढेच विचारले, “त्या मुलाची आई नंतर तुमच्याशी बोलली का?”

माझ्या गुरुदीक्षेच्या दिवशी ती सुकेळ्यांची पुडी घेऊन आली होती, असे मी सांगितले. तिचा मुलगा आता गावी फुलांची शेती करतो, आणि दर नाताळाला फोन करून, “आज किती पुढे गेलास?” असे विचारतो, हेही सांगितले.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग उठून आतल्या खोलीत गेल्या आणि भिंतीशी उभ्या सायकलीवरची चादर काढली. दोन्ही चाके जमिनीला टेकली होती. “हवा भरली तर राहील का, फादर?” मी टायर दाबून पाहिला, रबर चिरले होते. राहणार नाही, असे सांगितले. “मग दुकानात न्यावी लागेल,” त्या म्हणाल्या. “पण हो म्हटलेले नाही मी अजून. आधी टेम्पोत बसून तो रस्ता मी स्वतः बघणार.”

आज सकाळी त्यांचा मुलगा आणि मी ती सायकल ढकलीत दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने दोन टायर, दोन ट्यूब, चार ब्रेक-रबर आणि नवी साखळी सांगितली. बैठक दोन बोटे खाली घ्यावी लागेल, वडील उंच होते. मंगळवारी संध्याकाळी सायकल मिळेल. टेम्पो बुधवारी ठरला आहे.